दिवस पाचवा

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस.
एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर आयर्लंडचा नकाशा,
नकाशामागं पालीचा संसार.
मी तिकडं गेलेली नाही.
पण गॉलवेहून किनाऱ्यानं जाताना
कुठल्या वळणावर चहा मिळतो,
कुठली बाई आपल्या भट्टीतला पाव पाहुण्यांना कापून देते,
कुठं मेंढरं आडवी आली की गाडी अर्धा तास हलत नाही,
हे सगळं मला पाठ आहे,
माहेरच्या गल्लीत कुणाचं कुत्रं चावतं
ते पाठ असावं तसं.

हळदीचे व्यापारी येतात, द्राक्षबागायतदार येतात.
विचारतात, मॅडम, जेवणाचं काय?
विचारतात, बर्फ पडतो का?
मी प्रत्येकाच्या मापानं रकाने आखते.
सकाळ, दुपार, मुक्काम,
आणि शेवटचा, जाड ठशात, 'स्थानिक अनुभव'.

तायाप्पा विटकर आले ते चपला जिन्यातच काढून.
पैसे डब्लिनहून परशानं भरलेले.
सोबत यल्लव्वा, तिच्या पिशवीत
खालच्याच दुकानात छापलेला एक फोटो:
हिरवं रान,
आणि त्याचे चौकोन पाडत गेलेल्या करड्या भिंती.
"ह्यात चुना न्हाई. शिमिट न्हाई. माती बी न्हाई."
बोट फोटोवरून फिरलं, थांबलं.
"उजेड दिसतुय बगा आरपार."
मग?
"मग उबी कशी?"

पॉरिक आमचा तिकडचा वाटाड्या.
फोनवर त्याच्यामागं कायम वारं असतं.
मी त्याला लिहिलं: पाहुणा जतकडचा.
पन्नास वर्षं दगड फोडलेत,
कालवा, तीन शाळा,
मोजता येणार नाहीत इतक्या बंगल्यांचे पाये.
दोन दिवसांनी एका ओळीत उत्तर आलं:
काकाच्या रानात एक पडलीय, बघायला कशाला, बांधायलाच आण.

पाचव्या दिवसाच्या रकान्यात मी लिहिलं,
'पडलेली भिंत'.

परशाचा फोन आला रात्री अकराला.
"मॅडम, मी ह्यासाठी पैसे भरले नाहीत.
आता तरी त्यांना दगड उचलायला लावू नका."
मी सॉरी म्हटलं. रकाना खोडला.
त्या जागी लिहिलं, बोटीतून सील-दर्शन.

पुढचं यल्लव्वानं सांगितलं.
वाऱ्यानं बोट सुटलीच नाही.
परतीच्या वाटेवर पॉरिकनं गाडी थांबवली
आणि 'पाच मिनिटं' अशी बोटं दाखवली.
"माझ्या अंगात पोराचं जाकीट, लुगड्यावर.
मी बसले एका धोंड्यावर.
ह्येनी एक दगूड उचलला, तीनदा फिरवला.
दगडाला तोंड असतंय, मॅडम. ते गावतं का बघत हुते."

पॉरिकनं इंग्रजी सोडून दिलं होतं.
आजीच्या बोलीत बोलत होता,
जी आता, तो मला एकदा म्हणाला होता,
घरात फक्त कुत्र्याला कळते.
तायाप्पा घरच्या वडारीत.
एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नव्हतं
आणि भांडण झालं म्हणे जोरात,
एका कोपऱ्याच्या दगडावरून.

परशा गाडीतच बसलेला, काच वर करून.
मग काच खाली आली.
मग दार.
मग तो वडारीत ओरडला,
दहा वर्षांत पहिल्यांदा:
"अप्पा, तो न्हवं, डावीकडचा!"

पाच मिनिटांचे चार तास झाले.
मुक्कामाचं जेवण चुकलं,
त्याचे पैसे परत मिळालेले नाहीत.

आल्यावर तायाप्पा ऑफिसात आले, पेढे घेऊन.
मी विचारलं, मग, उभी कशी राहते?
ते बराच वेळ बोलले नाहीत.
उठले, नकाशा थोडा बाजूला सारला
(पाल पळाली),
बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघितली
आणि म्हणाले,
"हिच्यात वल धरलीया.
मालकाला सांगा."